कोरी शिंगं

१

पोळ्याच्या सकाळी पांगरखेडचे लोक बैल घेऊन नाल्यावर जातात. त्या वर्षी बैल गोठ्यातच राहिले आणि लोक घनश्याम पाटलाच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, गोळा झाले. धुऱ्यावरच्या पळसाच्या झुडपांत डोमाजी मरून पडला होता.

उपनिरीक्षक धम्मरत्न पोचला तेव्हा गर्दीने त्याला वाट दिली, पण तीही कुरकुरत. प्रेत बघायला आलेला माणूस पुढची जागा सुखासुखी सोडत नाही, त्याला वर्दी काय आणि बिनवर्दी काय! धम्मरत्न उकिडवा बसला. मांडीत आणि ओटीपोटात छर्रे घुसले होते. बाजूला विळा पडला होता आणि पळसाच्या पानांचा एक भारा, वेलाने नीट बांधलेला. उजव्या मांडीवर डोमाजीचा दुपट्टा आवळलेला होता आणि त्याला दुहेरी गाठ होती.

डोमाजी म्हणजे घनश्याम पाटलाचा सालदार. त्याचं उभं आयुष्य त्याच वावरात गेलं. दिवसा काम करायचा आणि पीक भरात आलं की रात्री रानडुकरं हाकलायला तिथेच जागलीवर राहायचा. म्हणून रात्री तो घरी आला नाही याचं त्याच्या बायकोला, मैनाबाईला, काही वाटलं नव्हतं. सकाळी भाकर घेऊन आली तेव्हा तिनेच त्याला पाहिलं.

घनश्याम पाटील धुऱ्यावर बसून लहान पोरासारखा रडत होता. "काल सांजी खांदेमळणीले आला नाही, तवाच याले पाहिजे होतं मले," असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-लोण्याने मळतात. पाटलाच्या घरी हे काम दरवर्षी डोमाजीच करायचा.

मैनाबाई मात्र रडत नव्हती. तिने धम्मरत्नची बाही धरली. "साहेब, लगेच गेला ना जी तो? तरास तं नाही झाला त्याले?"

धम्मरत्नने त्या गाठीकडे पाहिलं.

"लगेच गेला, मावशी," तो म्हणाला, आणि आपण खोटं बोललो याची त्याला तिथल्या तिथे लाज वाटली.

२

पांगरखेडात बंदुकीचं लायसन एकट्या घनश्यामकडे. पीक राखायला म्हणून घेतलेली, नळी मोडून काडतूस भरायची जुनी बारा बोर. ठाणेदार शंकरसिंगांनी आल्या आल्या तीच मागितली.

"बंदूक माझी आहे साहेब, नाही कायले म्हनू?" घनश्याम म्हणाला. "पन ते काल सकाळपासून विक्कीजोळ होती. साफ कराले टाकली होती. आज पहाटी माझ्या पोट्ट्यानं आनली."

विक्की म्हणजे फाट्यावरचा मोटारसायकलचा मिस्त्री. आता मोटारसायकलच्या मिस्त्रीकडे बंदूक कशाला, असं बाहेरच्याला वाटेल. पण बंदुकीसाठी म्हणून जे तेल बाटलीत मिळतं ते मागवायचं तर शहरातून मागवावं लागतं आणि त्याची किंमत ऐकून माणूस बंदूकच विकायला काढतो. पूर्वी लोक रॉकेलवर भागवायचे. रेशनचं रॉकेल बंद झालं, तेव्हापासून आसपासचे लायसनवाले आपल्या बंदुका गुपचूप विक्कीकडे टाकायचे. कार्ब्युरेटर साफ करायचा फवारा, बुडापुरतं डिझेल, शेवटी मोबिल ऑइलचं बोट. काम झकास आणि चहाच्या भावात! हे कायद्यात बसत नाही हे विक्कीला ठाऊक होतं, बंदूकवाल्यांना ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर ठाण्यातही ठाऊक होतं.

घनश्यामचा मुलगा नयन यवतमाळला कॉलेज करून घरी बसलेला. त्याने खाली मान घालून सांगितलं, "आज पहाटीच आनली जी. विक्कीनं फडक्यात गुंडाळून देली."

ठाणेदारांनी नळी मोडून उजेडाकडे धरली. आत लख्ख. गोळी झाडली असेल तर झाडणाऱ्याने नंतर पुसून काढली होती. पुसायचं सामान कोणाकडे? विक्कीकडे. रात्रभर बंदूक कोणाकडे? विक्कीकडे. शिवाय डोमाजीच्या कुत्र्यावर विक्कीची गाडी गेली म्हणून गेल्याच आठवड्याच्या बाजारात डोमाजीने सगळ्यांसमोर त्याच्या थोबाडीत मारली होती. ठाणेदारांचं गणित तिथेच सुटलं.

"काल दुपारीच घेऊन गेला हा!" विक्की ओरडत होता. "नयन सोताच आला होता. खोटं काहून बोलून राह्यला बे?"

"कोनी पाह्यलं?" ठाणेदारांनी विचारलं.

कोणीच पाहिलं नव्हतं. पोळ्याच्या तोंडावर गॅरेजात माणसांची रीघ लागलेली. फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी कोण घेऊन गेलं, याचा हिशेब कोण ठेवतो?

ठाण्याच्या फाटकापाशी विक्कीची बायको पायल धम्मरत्नला आडवी आली. ती हळू आवाजात म्हणाली, "दादा, तुमी तं आपले हा. तुमी तरी पाहा ना."

"ठाण्यात आपलं-परकं नसते, बाई," धम्मरत्न तुटकपणे म्हणाला आणि आत गेला. पण ते वाक्य त्याच्या काळजात रुतून बसलं. विक्कीच्या घरात बुद्धाची जी तसबीर होती तीच त्याच्याही घरात होती. विक्कीच्या बाजूने त्याने एक शब्द काढला असता तरी गाव म्हणालं असतं, आपला माणूस वाचवतो. आणि नसता काढला तर एक माणूस खुनी ठरणार होता. कोठडीची मुदत संपली की ठाणेदार कोर्टात सांगणार होते, गुन्हा उघड झाला.

विक्कीला कोठडीकडे नेताना तो एकदम मागे वळला.

"साहेब! तुमचं नाक लय तिखट आहे म्हन्तात ना? बंदूक सुंगून पाहा! माझ्या हातची असंन तं मोबिलचा वास येईन!"

३

गावात मढं पडलं तरी पोळा थांबत नाही, कारण बैलांना त्यातलं काही कळत नाही आणि त्यांचा वर्षातून एकच दिवस असतो. संध्याकाळी तोरणाखाली जोड्या उभ्या राहिल्या. धम्मरत्न बंदोबस्ताला होता.

पहिली जोडी घनश्याम पाटलाची, ती मानाची. तिच्याशिवाय तोरण तुटत नाही. पाठीवर आरशांच्या झुली, गळ्यात घुंगरांचे पट्टे, कपाळावर बाशिंगं, पायांत काळे गोंडे. आणि शिंगं कोरी! बाकी सगळ्या जोड्यांची शिंगं लाल, पिवळी, हिरवी चमकत होती. मानाच्या जोडीची शिंगं तेवढी मळकट, गेल्या वर्षीच्या रंगाचे पोपडे धरलेली.

"पाटलानं दुखवटा पाळला," मागून कोणीतरी म्हणालं. "सालदार गेला म्हनून रंग नाही लावला. दिलदार मानूस आहे."

बायांनी डोळ्यांना पदर लावले. धम्मरत्नलाही क्षणभर भरून आलं. पण त्याच्या डोक्याला एक वाईट खोड होती. भरून आलं की ते लगेच विचार करायला लागायचं.

दुखवटा पाळणारा माणूस झूल घालतो? घुंगरं बांधतो? बाशिंग लावतो? सगळा साज चढवायचा आणि फक्त रंगच तेवढा लावायचा नाही, हा कुठला दुखवटा? आणि बाजूला उभ्या असलेल्या नयनची नजर त्या शिंगांवरून हटत का नव्हती?

४

बंदोबस्त, मग गणपतीच्या बैठका, यांत काही दिवस गेले. मुद्देमालाच्या खोलीत बंदूक हाती घ्यायला धम्मरत्नला सवड झाली तेव्हा कोठडीची मुदत संपत आली होती.

त्याने नळी मोडायला खटका दाबला. खटका दबेना. जोर लावला तेव्हा कुठे चिकट आवाज करत नळी खाली गेली. घोडाही तसाच, मधाच्या बरणीचं झाकण उघडावं तसा निघाला. मोबिल लावलेली बंदूक इतक्या दिवसांत अशी धरत नाही.

त्याने नाक जवळ नेलं.

मोबिलचा वास नव्हता, डिझेलचाही नव्हता. वास ओळखीचा होता, पण तो बंदुकीवर भेटेल असं त्याला वाटलंच नव्हतं, म्हणून ओळखायला वेळ लागला. जवस! आपल्याकडे जुन्या घरांतून अजून कानवले तळतात ते जवसाचं तेल. बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, लाकडाला ते लावतात, कारण ते वाळून लाकडावर चिकट साय धरतं. बंदुकीच्या पोलादावरही त्याने तेच केलं होतं.

मग त्याने दस्ता पाहिला. नळीजवळच्या लाकडाचं पॉलिश उडून पांढरट पडलं होतं आणि मऊ झालेल्या भागावर कापडाची वीण उमटली होती. शेवटी त्याने कापसाचा बोळा तारेला गुंडाळून नळीतून फिरवला. बोळ्यावर चिकट पिवळसर डाग आला आणि त्यात लाल रंगाचे दोन-तीन बारीक कण.

तो तडक कोठडीकडे गेला. विक्की भिंतीला टेकून बसला होता. त्याने जेवणाचं ताट पुढे सरकवून ठेवलं होतं.

"बंदूक कशी साफ करते तू? सगळं सांग."

"आधी नळी दस्त्यापासून सोडवतो जी. फवारा नळीतच, लाकडाले थेंब लागू देत नाही. मंग डिझेल, मंग कोरडा कापूस, मंग मोबिल."

"थिनर?"

विक्कीने या साहेबाचं डोकं फिरलं का अशा नजरेने पाहिलं. "थिनर कायले, साहेब? लाकडाचं पॉलिश खाते ना ते. आन् माझ्याजोळ होतंच कुठं! पोळ्याच्या आठ दिवस आधीच सारं विकलं. समद्या गावाले शिंगाच्या रंगात घालाले थिनर पाह्यजे."

धम्मरत्न जागच्या जागी उभा राहिला. शिंगांचा रंग. लाल कण. आणि गावात एकच जोडी, जिला रंग लागलाच नव्हता.

त्याला पळसाचा भाराही आठवला. खांदेमळणीला हळद-लोणी पळसाच्याच पानाने लावतात. डोमाजी संध्याकाळच्या कामासाठी पानं तोडत होता, म्हणजे जागलीवर नव्हताच. तो दिवसाउजेडी मेला होता, निदान त्याला गोळी दिवसाउजेडी लागली होती. आणि त्या दुपारी विक्की गॅरेजात गिऱ्हाइकांच्या गराड्यात होता.

प्रश्न एवढाच होता, की त्या दुपारी बंदूक कोणाच्या हातात होती.

५

पाटलाच्या ओट्यावर बसायला सतरंजी आली, पाणी आलं. घनश्यामची बायको तुळसाबाई चहा घेऊन आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. बाई खंगली होती. नयन खाटेवर मोबाइल पाहत होता, पण मोबाइलचा उजेड कधीच विझला होता.

धम्मरत्नने आडवळण घेतलं नाही. "पाटील, पोळ्याले शिंगं कोरी काहून ठेवली?"

घनश्याम ओशाळला. "लोकं दुखवटा म्हन्तात, म्या म्हनू देलं. खोटं कायले बोलू तुमच्यासमोर? थिनरच नव्हतं घरात. रंगाचे डबे सालभरात वाळून दगड होतेत. म्हनून पहाटीच थिनर टाकून भिजवतो मी, मंग बैल धुवाले नेतो. त्या पहाटी डबा काढला, तं पार खाली! मागच्या सालचं अर्धा डबा थिनर होतं. ब्रश धुतलेलं, लालेलाल."

"मंग?"

"मंग नयनले उठवलं. म्हनलं, जाय फाट्यावर, विक्कीजोळून थिनर आन, अन् येताना बंदूकही घेऊन ये. तो गेला. बंदूक आनली, थिनर नाही भेटलं म्हने. तेवढ्यात धुऱ्यावर बोंब झाली, अन् रंग राहूनच गेला."

धम्मरत्नने खिशातून कागदाची पुडी काढली आणि सतरंजीवर उलगडली. तेलकट कापूस आणि त्यात लाल कण.

"हे तुमच्या बंदुकीच्या नळीतून निघालं, पाटील. हा शिंगाचा रंग आहे. तुमच्या डब्यातल्या थिनरनं कोनंतरी नळी धुतली आहे. दस्त्याचं पॉलिशही त्यानंच गेलं. वरून जवसाचं तेल लावलं. विक्कीच्या गॅरेजात ना थिनर होतं, ना जवसाचं तेल."

"असंन," घनश्याम गोंधळून म्हणाला. "बंदूक घरी आल्यावर कोनं..."

"बंदूक घरी यायच्या आधी डबा खाली झाला होता. तुमीच सांगितलं आता. नयन बंदूक आनाले गेला, तेच मुळी डबा खाली निघाला म्हनून." धम्मरत्न थांबला. त्याला पुढचं बोलावंसं वाटत नव्हतं. या माणसाने खरं बोलून स्वतःच्या मुलाच्या गळ्यात दोर अडकवला होता आणि त्याला ते अजून कळलंही नव्हतं. "बंदूक आदल्या दिवशीच घरात होती, पाटील. दुपारी आली. विक्की खरं बोलून राह्यला."

घनश्यामची नजर पुडीवरून उठली आणि सावकाश खाटेकडे गेली.

"म्या पुसली," दारातून आवाज आला.

६

तुळसाबाई चौकट सोडून पुढे आली होती.

"आंगनात बसून विक्की एक खेपी बंदूक पुसत होता, तवा पाह्यलं होतं म्या. त्याच्याजोळचं सामान घरात नव्हतं. थिनर होतं, ते नळीत ओतलं. मोबिलाच्या जागी चुलीजोळचं तेल लावलं. अन् झाडलीही म्याच. लिवून घ्या."

"आई, तू काही बोलू नको," नयन पुटपुटला.

"काकू," धम्मरत्न म्हणाला, "झाडली कोनं ते मले कळते. पोराले वाचवाले तुमी ते पुसली."

बाईचा सगळा आव गळून पडला आणि ती खाली बसली. "बंदूक घेऊन वावरातून येत होता. पळसात हाललं, डुक्कर समजला. भेऊन घरी पळत आला. म्हने, आई, डोमाजी खलास झाला. म्या म्हनलं, गेलेला जीव तं परत येत नाही. माह्यं एकच लेकरू आहे, साहेब. बंदूक पुसून रातभर दडवली, अन् पहाटी यानं फाट्यावरून आनली असं दाखवलं. विक्कीवर येईन हे माह्या ध्यानीमनी नव्हतं. अन् आलं तवा... तवा तोंड उघडलं नाही म्या." तिने मान वर केली. "लगेच गेला ना जी डोमाजी? तरास तं नाही झाला त्याले?"

हाच प्रश्न धुऱ्यावर मैनाबाईने विचारला होता. तेव्हा धम्मरत्न खोटं बोलला होता. आता त्याला ते जमेना. खोटं बोलावं इतकी दया त्याच्याजवळ या घरासाठी उरली नव्हती.

"त्याच्या मांडीले दुपट्टा होता, काकू. दुहेरी गाठ मारून आवळलेला. मेलेला मानूस गाठ मारत नाही."

तुळसाबाईला ते पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं.

"डॉक्टर म्हन्तात, दोन-तीन तास जिता होता. रक्त जाऊन जाऊन मेला. कोनी बंडीत घालून आर्णीच्या दवाखान्यात नेला असता, तं वाचला असता."

"तू तं म्हनलं खलास झाला," ती मुलाला म्हणाली.

नयनने तोंड दोन्ही हातांनी झाकलं. "तो आवाज देत होता, आई. माह्यं नाव घेऊन. मी भेलो."

कोणी ओरडलं नाही, कोणी हात उगारला नाही. धम्मरत्नला वाटलं, उगारला असता तर बरं झालं असतं. शिपायाने नयनला उठवलं तेव्हा त्याच्या पायांत चप्पलही नव्हती, आणि ती घालायची कोणाला आठवणही झाली नाही. तुळसाबाई आपणहून उठून त्याच्यामागे निघाली.

बायको ओट्याच्या पायरीवर पोचली तेव्हा घनश्याम बोलला.

"सांजी बैल मळाले काढले, तवा डोमाजी आला नव्हता. म्या म्हनलं, पाहून येतो वावरात. टॉर्च घेतला होता हातात. चप्पल घातली होती."

तुळसाबाई पाठमोरीच थांबली.

"तू म्हनलं, बसा, येईन तो. तूच बसवलं मले, तुळसा. तवा जिता होता तो."

तिने वळून पाहिलं नाही. पायरीला हात टेकत ती खाली उतरली आणि जीपमध्ये मुलापासून दूर, दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. विक्की सुटणार आहे हे सांगायला धम्मरत्नला आधी फाट्यावर पायलकडे जायचं होतं. मग मैनाबाईकडे, धुऱ्यावरचं आपलं खोटं परत घ्यायला. पण त्याने ड्रायव्हरला मायलेकाला ठाण्यात उतरवून आधी मैनाबाईच्या घरी न्यायला सांगितलं.